मागांच्या गावाचा संसार

सोने सापडल्याची बातमी पसरली की माणसे घरदार टाकून धावत सुटतात आणि ओसाड माळावर वर्षभरात गाव उभे राहते. कॅलिफोर्नियात १८४८ च्या जानेवारीत जेम्स मार्शल नावाच्या सुताराला लाकूड कापण्याच्या गिरणीच्या पाटात सोन्याचे कण दिसले. त्या वेळी सॅन फ्रान्सिस्कोची वस्ती जेमतेम हजाराची होती. दोन वर्षांत ती पंचवीस हजारांच्या घरात गेली. ऑस्ट्रेलियात बॅलरट येथे १८५१ साली असेच झाले. अशा गावांचा इतिहास बहुधा सोन्याच्या बाजूने लिहिला जातो. किती मण निघाले, कोण गबर झाला, कोणाचे दिवाळे वाजले, हे सारे आपल्याला सांगितले जाते. आम्हांला मात्र प्रश्न पडतात ते निराळेच. तेथे सकाळी चूल कोण पेटवीत होते? दिवसभर माती उपसून आलेला माणूस रात्री पाठ कोठे टेकीत होता? ना ओळख ना पाळख अशा माणसाला उधारी कोण देई आणि कशाच्या भरवशावर?

ह्या प्रश्नांची उत्तरे शोधायला सातासमुद्रापलीकडे जाण्याचे कारण नाही. आपल्या ठाणे जिल्ह्यात, कल्याणपासून हाकेच्या अंतरावर, भिवंडी आहे. भिवंडीच्या जमिनीत सोने नाही, तेथे भात पिकतो. परंतु सोन्याच्या गावाची जी लक्षणे आहेत ती सगळी भिवंडीला लागू पडतात. दूरच्या मुलखात पोचलेली कमाईची वार्ता, एकटेदुकटे आलेले पुरुष, नगरपालिकेला आवरता येऊ नये अशी वाढ, आणि उद्या भाव काय फुटेल याची रोजची धास्ती. सोन्याच्या जागी येथे कापड आहे, एवढाच फरक.

जुनी भिवंडी आजच्या माणसाला ओळखू येणार नाही. कामवारी नदीच्या काठचे, खाडीच्या वाटेने व्यापार करणारे ते एक पेठेचे गाव होते. तांदूळ, लाकूड, मासळी यांची उलाढाल, कोकणी मुसलमान व्यापाऱ्यांची घरे, भोवताली आगरी-कुणब्यांची भातशेती. शेजारच्या निजामपुरासह येथे नगरपालिका आली ती १८६० नंतरच्या दशकात. १९०१ च्या शिरगणतीत गावची वस्ती दहा हजारांच्या थोडी वर होती. हातमाग होते. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेकडून जे मोमीन विणकर दक्षिणेकडे सरकले, त्यांतले काही मालेगावी थांबले आणि काही येथपर्यंत आले. हातमागाच्या घरात नवरा विणी, बायको कांड्या भरी, पोरे सूत सोडवीत. म्हणजे माग हा तेव्हा संसाराचा एक भाग होता. पुढे जे घडले त्यात माग राहिला आणि संसार दूर गेला, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

यंत्रमाग आले १९३० नंतरच्या दशकात. खानसाहेब समदशेठ यांचे नाव ह्या संदर्भात गावात आजही घेतले जाते. आरंभी हे माग थोडेच होते. धाव सुरू झाली ती स्वातंत्र्यानंतर, आणि तिची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. पहिले कारण म्हणजे जुना माल. मुंबईच्या गिरण्या जे माग मोडीत काढीत, ते थोड्या पैशांत विकत मिळत. गिरणीला निकामी झालेला माग भिवंडीच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणखी दोन पिढ्या खडखडत राही. दुसरे कारण कराचे. सरकारने हातमागवाल्याला बळ यावे, त्याने हळूहळू यंत्र घ्यावे, असे धोरण धरले. कानुनगो समितीने १९५४ साली तशी शिफारसही केली होती. लहान कारखान्याला, म्हणजे चार मागांपर्यंत, अबकारी करातून सूट मिळाली. झाले! चोवीस मागांचा मालक कागदावर सहा मालक झाला. एक त्याच्या नावाने, एक भावाच्या, एक बायकोच्या, एक मेहुण्याच्या. फॅक्टरी कायदा तेव्हा विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असले म्हणजे लागू होई. तेव्हा कागदावरचे कामगारही दहाच्या आतच राहिले. कोणा एका माणसाची ही लबाडी नव्हे. सारा गाव त्याच रीतीने वाढला, आणि त्या रीतीचा एक परिणाम असा झाला की हजारो माणसे काम करीत असूनही कोणत्याच वहीत त्यांची नावे चढली नाहीत.

तिसरे कारण मुंबईतले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरण्यांची धुराडी थंडावली, पण लोकांनी कपडे घालणे थोडेच थांबविले होते! ते विणकाम भिवंडीकडे वळले. गिरणगावाची विपत्ती ही भिवंडीची सुगी ठरली, असे म्हणताना आम्हांला बरे वाटत नाही, परंतु घडले ते तसेच. १९९१ च्या शिरगणतीत भिवंडीची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर गेली होती. २००१ मध्ये ती सहा लाखांच्या जवळ पोचली, नगरपालिकेची महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या शिरगणतीत सात लाख नऊ हजार माणसे मोजली गेली. किती मोजायची राहिली, हा प्रश्न पुढे येईलच.

ही माणसे कोण? पूर्व उत्तर प्रदेशातील आझमगड, मऊ, गोरखपूर, बस्ती ह्या बाजूचे तरुण, बिहारचे, आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली. पद्मशाली मंडळींनी कामतघरच्या बाजूला पद्मानगर वसविले आणि बायकापोरे घेऊन संसार थाटले. त्यांच्या बायका दारात बसून विड्या वळू लागल्या. पूर्वेकडून आलेला गडी मात्र बहुधा एकटा. त्याची बायको, आई, म्हैस आणि रेशनकार्ड ही सगळी गावी.

आता कारखान्याच्या आत डोकावू. व्यापारी सूत देतो, ते बहुधा दक्षिणेकडच्या गिरण्यांतून आलेले असते. ताण्याच्या सुताला खळ देण्याचे काम साइझिंगवाला करतो आणि बीम गुंडाळून देतो. मागमालक ते बीम मागावर चढवून कापड विणून देतो आणि मीटरमागे मजुरी घेतो. कापड निघते ते कोरे. रंगाई-छपाईसाठी ते पाली, बालोत्रा, जेतपूर अशा ठिकाणी जाते. म्हणजे ज्याला आपण मालक म्हणतो त्या गृहस्थाचे सूतही नाही आणि कापडही नाही. खाणीच्या भाषेत सांगायचे तर कुदळ त्याची, सोने दुसऱ्याचे. सुताचा भाव चढला की व्यापारी सूत दाबून धरतो, उतरला की कापडाचा उठाव नसतो, आणि दोन्ही वेळी माग थांबतो. लहान मालकाची झोप कामगारापेक्षा फार गाढ असेल असे मानू नये.

कामगार एका वेळी चार, सहा, कधी त्याहून जास्त माग सांभाळतो. पाळी बारा तासांची. धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा इकडून तिकडे जातो, आणि पन्नास मागांच्या शेडमध्ये तो आवाज कसा असेल याची कल्पना आपल्यासारख्या बसून व्याख्याने ऐकणाऱ्यांना येणे कठीण. तेथे शब्द ऐकू येत नाही. माणसे ओठ वाचतात, हातवारे करतात. तुटलेला धागा डोळ्यांनी हेरायचा, माग थांबवायचा, गाठ मारायची, पुन्हा चालू करायचा. हवेत कापसाची धूळ. पगार मीटरवर, तेव्हा माग थांबला की कमाई थांबली. वीज गेली तरी थांबली. आणि वीज जाण्याला भिवंडीत काळवेळ नव्हता. २००७ च्या जानेवारीत वीजवाटपाचे काम टोरेंट पॉवर ह्या कंपनीकडे सोपविले गेले. देशातील ह्या प्रकारची ती पहिलीच व्यवस्था होती. त्याआधी भारनियमन आणि जळालेले रोहित्र हे गावच्या बोलण्यातले नेहमीचे विषय होते. रोहित्र जळले की मालक दारात, कामगार ओट्यावर, आणि दोघेही तारांकडे बघत बसलेले. बिलावरून पुढे भांडणे झाली, ती निराळी.

येथवर आम्ही कामाविषयी बोललो. परंतु जगणे म्हणजे काही केवळ काम नव्हे. भिवंडीतील जगण्याचा मध्यबिंदू कोणता असे आम्हांला कोणी विचारले, तर आम्ही मागाकडे बोट दाखविणार नाही, बिसीकडे दाखवू.

बिसी म्हणजे कामगारांची खानावळ. मुंबईच्या गिरणगावातील घाटी-कोकणी गड्यांच्या खानावळींशी तिचे नाते आहे, पण ती हुबेहूब तशी नाही. अरुंद गल्लीत एक खोली, मोठाली पातेली, जमिनीवर पंगत. कामगार महिन्याचे किंवा आठवड्याचे पैसे ठरवून दोन वेळ जेवतो. तेलंगणाकडच्या माणसाला भात लागतो, पूर्वेकडच्याला पोळी-डाळ-तरकारी, मुसलमान कामगारांच्या बिसीत आठवड्यातून ठरल्या दिवशी मांस. म्हणून बिसी मुलखामुलखाची वेगळी असते आणि नवा आलेला पोरगा प्रथम आपल्या मुलखाची बिसी शोधतो. तेथेच त्याला कळते की कोणत्या कारखान्यात जागा आहे, कोणता मालक पैसे वेळेवर देतो, कोणता नुसते वायदे करतो. तेथेच गावचा निरोप मिळतो, आजाऱ्यासाठी वर्गणी निघते. कोणी मेला तर त्याला गावी पोचविण्याचा खर्चही तेथे जमतो. नोकरीची कचेरी, टपालघर, पतपेढी आणि चावडी, ही सगळी त्या एका खोलीत.

ह्या खोलीचा कारभार पुष्कळदा बाईच्या हाती असतो. कॅलिफोर्नियाच्या खाणीवरही, जेथे बायका विरळाच होत्या, तेथे भाकऱ्या भाजून विकणारी बाई खोदणाऱ्यापेक्षा बरी कमाई करी. सोन्यामागे धावणाऱ्यांपेक्षा त्यांना जेवण, कपडे आणि हत्यारे पुरविणारे पुढे आले, ही त्या काळची प्रसिद्ध गोष्ट आहे. लेव्ही स्ट्रॉस हा कापडाचाच व्यापारी. तो १८५३ साली सॅन फ्रान्सिस्कोला आला, सोने खणायला गेला नाही, आणि वीस वर्षांनी रिबिटे ठोकलेल्या जाड विजारीच्या पेटंटाचा भागीदार झाला. भिवंडीतील बिसीवालीला असले भाग्य नाही. तिच्या गल्ल्यात रोकड कमी आणि वहीत आकडे जास्त असतात. माग थांबले की जेवणारा पैसे देऊ शकत नाही, पण त्याला भूक लागायची थांबत नाही. ती त्याला जेवू घालते आणि लिहून ठेवते. किराणावाला तिच्या नावावर लिहितो, घाऊक दुकानदार किराणावाल्याच्या नावावर. सुताच्या बाजारात मंदी आली की ती ह्या वाटेने उतरत उतरत शेवटी डाळीच्या पातेल्यात येते, आणि डाळ पातळ होते. आम्हांला तर वाटते की कापडधंद्याची खरी नाडी बघायची तर मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटातले भाव वाचण्याआधी बिसीतील डाळ चाखावी.

निजण्याची सोय जेवणाइतकीही नाही. दिवसपाळीचा माणूस उठला की त्याच अंथरुणावर रात्रपाळीचा येऊन पडतो. एका खोलीत आठ, दहा, बारा जण. पाळ्या आठवड्याने किंवा पंधरवड्याने बदलतात तेव्हा अंथरुणाचीही अदलाबदल होते. कित्येक जण कारखान्यातच, मागांच्या मधल्या बोळात किंवा कापडाच्या गठ्ठ्यांवर निजतात. सामान म्हणजे खिळ्याला टांगलेली एक पिशवी. कोलारच्या सोन्याच्या खाणीत १८८० नंतर जॉन टेलर कंपनीने काम सुरू केले आणि मजुरांसाठी चाळी बांधल्या. त्या फारशा सुखाच्या होत्या असे नाही, पण चाळ कोणी बांधायची हा प्रश्न तेथे कोणाला पडला नाही. मुंबईत बी. डी. डी. चाळी सरकारने उठविल्या. भिवंडीत ना कंपनी, ना सरकार. शेतकऱ्याने जमिनीचा तुकडा विकला, कोणी त्यावर चार मजले चढविले, खाली माग आणि वर माणसे. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे धामणकर नाक्याजवळची जिलानी इमारत कोसळली आणि चाळीसच्या आसपास जीव गेले. ते झोपेत होते.

शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी भिवंडीचा आवाज बंद होतो आणि नव्या माणसाला कानांत काहीतरी बिघडल्यासारखे वाटते. त्या दिवशी दाढी, धुणे, मशिदीची गर्दी, वऱ्हाळदेवीच्या तळ्याकाठी फेरी, घरी फोन. पूर्वी मनिऑर्डरीसाठी टपालकचेरीत रांगा लागत. फॉर्म लिहून देणारा आणि खाली दोन ओळींचा मजकूर घालणारा माणूस हा पुष्कळांच्या संसाराचा एकमेव साक्षी होता. त्या दोन ओळींत नवरा-बायकोचे काय बोलणे होणार! उन्हाळ्यात लग्ने आणि शेतीची कामे निघाली की कल्याण जंक्शनवर गाड्यांना लोंबकळून ही माणसे गावी जातात आणि मालक कारागीर मिळत नाही म्हणून कपाळाला हात लावतो. जाताना बहुतेकांच्या डोक्यावर मालकाची उचल असते. परत येण्याची ती जणू हमी.

एवढी माणसे, एवढी दाटी आणि एवढी अनिश्चितता असली की ठिणगीला वेळ लागत नाही. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल पेटली, न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा आग लागली. माणसे मेली, माग जळाले. परंतु १९८८ पासून सुरेश खोपडे ह्या पोलीस अधिकाऱ्याने मोहल्ल्यामोहल्ल्यांत दोन्ही समाजांच्या समित्या उभ्या केल्या आणि १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असता भिवंडी शांत राहिली. समित्यांचे श्रेय मोठेच आहे. त्याबरोबर आम्ही आणखी एक गोष्ट सांगू. सूत एकाचे, माग दुसऱ्याचा, हात तिसऱ्याचे, आणि तिघांची देवळे-मशिदी वेगळ्या. समितीच्या बैठकीत समोरासमोर बसलेल्या माणसांना एकमेकांचे हिशेब आधीच ठाऊक होते.

आता नावाच्या प्रश्नाकडे येऊ. बॅलरटच्या खाणकऱ्यांनी १८५४ साली बंड केले ते परवान्यापायी. सोने मिळो न मिळो, महिन्याला तीस शिलिंग भरा आणि परवान्याचा कागद जवळ बाळगा, हा जुलूम त्यांना सोसवेना. भिवंडीचा कामगार ह्याच्या नेमका उलट टोकाला आहे. त्याच्याकडे कसलाच कागद कोणी मागत नाही, आणि म्हणून कसलाच कागद त्याला मिळत नाही. हजेरीपट नाही, फंड नाही, विमा नाही, भाडेपावती नाही. मत गावाकडे, धान्य गावाकडे. तीस वर्षे भिवंडीत राबलेला माणूस भिवंडीचा आहे हे दाखवायला बिसीच्या वहीखेरीज लेखी पुरावा नसतो.

२०२० च्या मार्चअखेर देशभर टाळेबंदी झाली तेव्हा ह्या गोष्टीचा अर्थ सर्वांना दिसला. माग थांबले. बिसीवाल्यांकडचे धान्य संपले, उधारी देणाऱ्यांनी हात आखडला. नाशिकच्या महामार्गावरून माणसे पायी, सायकलींवरून, मालमोटारींच्या टपांवरून चालू लागली. एरवी मोजक्याच गाड्या थांबतात असे भिवंडी रोड हे दिवा-वसई मार्गावरील लहानसे स्थानक. मे महिन्याच्या आरंभीच तेथून गोरखपूरला श्रमिकांची खास गाडी सुटली, राज्यातून सुटलेल्या अशा पहिल्या गाड्यांपैकी ती एक. यादी करताना अधिकाऱ्यांनी प्रत्येकाचे नाव, गाव, वय लिहून घेतले. पुष्कळांचे नाव भिवंडीतल्या सरकारी कागदावर चढले ते बहुधा त्या दिवशी प्रथमच, गाव सोडताना.

ते परत आले, सगळे नव्हेत पण पुष्कळ. दरम्यान गावाभोवती दुसरी धाव सुरू झालेली होती. मानकोली, राहनाळ, पूर्णा, वळ येथील भातखाचरांवर मैलोगणती गोदामे उभी राहिली. ज्या आगरी शेतकऱ्याच्या आजाने मागांचे गाव वाढताना पाहिले, त्याचा नातू जमीन भाड्याने देऊन मालमोटारींच्या रांगा पाहतो आहे. मागावरची काही पोरे गोदामात गेली. तेथे निदान कानठळ्या बसत नाहीत, असे ती म्हणतात. ठेकेदार मात्र तेथेही आहे.

रखडलेल्या शिरगणतीसाठी सरकारने १ मार्च २०२७ ही तारीख ठरविली. शांतीनगर किंवा गैबीनगरच्या बोळातल्या खोलीचे दार प्रगणक दुपारी ठोठावेल, तेव्हा रात्रपाळीचे सहा जण त्याला निजलेले आढळतील. दिवसपाळीचे सहा कारखान्यात असतील, आणि कुटुंबप्रमुख कोण ह्या रकान्यापाशी त्याची लेखणी अडेल. आमची त्याला सूचना आहे की त्याने पाळी बदलण्याच्या वेळी जावे, बिसीत जावे, आणि बाईंना वही उघडायला सांगावे.